स्वतःच डबे करते आणि वजन ८१ किलो. दीक्षित झालं, जीएम झालं, कॅप्सूल झाली. आता इंजेक्शन घेऊ का?

भांडुपकर काकू

फराळाच्या ऑर्डरी उरकल्या, सोऱ्या घासून माळ्यावर टाकला, आता निवांत लिहायला बसलेय. लांबण लागणार, आधीच सांगते.

वय ४६, उंची पाच फूट एक इंच, वजन ८१. भांडुप पश्चिमेला राहत्या घरातून डबे देते, बारा वर्षं झाली. रोजचे ३८. बोर्डावर 'पोळीभाजी' लिहिलंय कारण सगळे तसंच लिहितात. आम्ही राजापूरकडचे, घरात चपातीच म्हणतो. पहाटे साडेचारला उठते, पाचला पहिली फोडणी पडते, साडेआठला डबे भरून बाहेर.

गंमत अशी की महाराष्ट्रात आलेलं प्रत्येक डाएट माझ्या ओट्यावरून गेलंय. गिऱ्हाईक फोन करतं, "काकू, उद्यापासून चपाती बंद, नुसती भाजी-डाळ द्या." मी विचारते, किती दिवस? तर म्हणतात, आता कायमच. मी वहीत पेन्सिलीने लिहिते. पेनाने लिहायचं मी पहिल्या वर्षातच सोडलं.

आता माझी स्वतःची कहाणी.

२०१६ ला धाकट्या दिराचं लग्न होतं म्हणून जीएम डाएट केलं. सात दिवसांचं असतं ते. पहिल्या दिवशी नुसती फळं, दुसऱ्या दिवशी नुसत्या भाज्या, चौथ्या दिवशी केळी आणि दूध. सातव्या दिवशी साडेतीन किलो कमी! खुशीत शिंप्याकडून ब्लाऊज आत घालून आणलं. लग्न तीन आठवड्यांवर होतं. हळदीच्या आदल्या रात्री तीच शिवण मी दाताने उसवत बसले होते.

मग २०१९. तुम्हाला आठवत असेल, तेव्हा घराघरात दोन पक्ष होते. दीक्षित डॉक्टर सांगायचे दिवसातून दोनदाच जेवा, ५५ मिनिटांत उरका, मधे काही नको. ऋजुता दिवेकर सांगायच्या दर दोन तासांनी थोडं थोडं खा, तूप सोडू नका. आमच्या मजल्यावर सासू एका पक्षात आणि सून दुसऱ्या. मी दीक्षितांच्या बाजूला गेले. खरं कारण सांगू? दोनदाच जेवलं की भांडी कमी पडतात. चार महिन्यांत सहा किलो उतरलं, कुणाला नावं ठेवणार नाही. पण माझा धंदा चव बघण्याचा. मधे तोंडात काही गेलं की इन्सुलिन सुटतं म्हणतात, मग आमटीचं मीठ बघायचं कुणी? मुलीला पहाटे पाचला उठवायचे. बारावीत होती. एक दिवस डोळे मिटलेलेच, चमचा तोंडात घेऊन म्हणाली, "आई, मी अभ्यासाला उठू की मिठाला?" ते वर्ष संपलं तसं माझं दीक्षितही संपलं. सहाचे आठ होऊन परत आले.

तिसरं प्रकरण सांगायला लाज वाटते. ट्रेनमधल्या ओळखीच्या बाईने कॅप्सूल दिल्या. "शंभर टक्के आयुर्वेदिक, चार आठवड्यांत फरक." एका पाकिटाचे १,८०० रुपये. पाकिटावर हिरवी पानं छापलेली, बॅच नंबर नाही, कारखान्याचा पत्ता नाही, मागे एका मोबाईल नंबरचं स्टिकर. भूक अशी गेली की भाजी ढवळताना वासही नको वाटायचा. महिन्याला पाच किलो. पण रात्री दोन-दोन वाजेपर्यंत टक्क जागी, तोंडाला कोरड आणि छाती अशी धडधडायची की आपला आपल्याला आवाज यावा. एका दुपारी सहज एक कॅप्सूल उघडून ताटलीत ओतली. आत पांढरी शुभ्र, पिठीसाखरेसारखी पूड. वास काहीच नाही. अहो, हिरडा-बेहडा, सुंठ, मेथी, काहीही असो, मी डोळे बांधून नाकाने ओळखेन. झाडपाल्याला वास नाही असं कसं होईल? दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले तर प्रेशर १६० वर १००. उरलेल्या त्यांच्यासमोर कचऱ्यात टाकल्या.

आता मुद्द्यावर येते. गुडघे बोलायला लागलेत. गेल्या महिन्यात तीन महिन्यांची साखर काढली, एचबीएवनसी ६.२. डॉक्टर म्हणाले अजून डायबेटिस नाही, पण दारात उभा आहे. त्यांनी आठवड्याच्या इंजेक्शनचा विषय काढला. त्याच औषधाची रोज घ्यायची गोळीही असते म्हणाले. आमच्या गल्लीतला मेडिकलवाला म्हणतो ते कशाला, चरबी अंगाला लागू न देणारी गोळी आहे, ती घ्या. नणंद म्हणते कीटो कर.

कीटोचं मला माहितीय. पवईचं एक गिऱ्हाईक होतं. पाच महिने त्याला पनीर, अंडी, लोण्यातला पालक दिला, डब्याचा दर दुप्पट. मुलगा बारीक झाला हे खरं. गणपतीत त्याच्या आईनेच एकवीस मोदकांची ऑर्डर दिली, आणि अनंत चतुर्दशीनंतर त्याचा फोन आला: "काकू, नेहमीचा डबा."

इंजेक्शनचं मात्र मी फक्त डब्यातून बघितलंय. मे महिन्यापासून एका जुन्या गिऱ्हाइकाचा डबा अर्धा परत यायला लागला. तीनातल्या दोन चपात्या, भाजीला जेमतेम हात लावलेला. आठ दिवस मला झोप नाही, हाताची चव गेली की काय! शेवटी फोन केला. म्हणाला, "तसं नाही हो काकू, इंजेक्शन घेतोय. दोन घास खाल्ले की पोट भरतं."

तर ज्यांनी घेतलंय त्यांनी सांगा. काय होतं, किती पैसे जातात आणि थांबवल्यावर काय? मला फोटो नकोत, खरं सांगा.

दोनवेळजेवा

काकू, चार महिन्यांत सहा किलो उतरलं म्हणजे डाएट चाललं होतं. सोडलं तुम्ही, आणि दोष त्याला. मी गोरेगावात सात वर्षं दोनच वेळा जेवतोय. मधे पाणी, पातळ ताक, बिनदुधाचा बिनसाखरेचा चहा. रोज ४५ मिनिटं चालणं. एचबीएवनसी ६.४ होतं, ५.६ वर आहे. पैसा एक लागला नाही. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची, दीक्षित सर प्रत्येक भाषणात तसं सांगतात.

फक्त एक कबूल करतो. पहिल्या वर्षी मी त्या ५५ मिनिटांत श्रीखंड-पुरी, वर आइसक्रीम असं हाणायचो, नियमात बसतं म्हणून. तेव्हा वजन जागचं हललं नव्हतं. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात तसं. नंतर ताटात आधी कोशिंबीर आणि उसळ घ्यायला लागलो, तेव्हा काटा खाली आला.

थेट बोलतो

कमी खा, जास्त चाला. विषय संपला.

भांडुपकर काकू

@थेट बोलतो, तुमचा डबा कोण करतं दादा? त्यांना विचारून या, मग बोलू.

@दोनवेळजेवा, श्रीखंडाचं वाचून बरं वाटलं. माझ्याकडे तुमच्या पंथाची सहा गिऱ्हाइकं आहेत. त्यातली चार टिकली. चौघांच्याही घरी दुसरं कुणीतरी तेच करतं, नवरा नाहीतर बायको. एकटी दोघं होती ती सुटली.

लालबागचा गोळीवाला

मी फार्मासिस्ट, चोवीस वर्षं काउंटरवर उभा आहे. वजनाच्या गोळीसाठी येणारं माणूस मी दुकानाच्या पायरीवरच ओळखतो. आधी खोकल्याचं औषध घेतं, मग स्ट्रेप्सिल्स, मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणतं.

काकू, पहिलं तुमच्या पांढऱ्या पुडीबद्दल. नाकाने बरोबर पकडलंत. सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं औषध होतं, आपल्याकडे रीतसर चिठ्ठीवर विकलं जायचं, मी स्वतः विकलंय. मोठा अभ्यास झाला, सुमारे ९,८०० लोकांचा, हृदयविकार किंवा डायबेटिस असलेल्यांचा. त्यात हे घेणाऱ्यांत हार्ट अटॅक आणि लकवा यांचं प्रमाण जास्त निघालं. २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून ते गेलं, २०११ मध्ये भारताने बंदी घातली. बंदी आली तरी पावडर बनतच राहिली. त्यानंतर कितीतरी देशांच्या औषध खात्यांनी 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूल तपासल्या आणि आत हेच सापडलं. तोंडाला कोरड, झोप उडणं, धडधड, प्रेशर चढणं, ही त्याची ठरलेली लक्षणं. तुमच्या पाकिटात तेच होतं असं मी म्हणणार नाही, प्रयोगशाळेशिवाय ते कळत नाही. पण बॅच नंबर नसलेली वस्तू तोंडात टाकायची नाही, मग वर तुळशीचं पान छापलेलं असो नाहीतर गणपती. आणि लोकलच्या डब्यात 'वजन घटवा' अशी औषधाची जाहिरात दिसते ना, लठ्ठपणावरच्या औषधांची तशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. पत्रकं तरी रोज नवी चिकटतात.

दुसरी, तुमच्या गल्लीतली 'चरबी लागू न देणारी' गोळी. ती ऑर्लिस्टॅट. औषध खरं आहे, पण तेही चिठ्ठीवरचं, आणि गल्लीवाल्याने असं हातावर ठेवणं चूक. आतड्यात चरबी पचवणारा जो रस असतो त्याला ती अडवते, म्हणून जेवणातली सुमारे ३० टक्के चरबी न पचता बाहेर जाते. हिशोब करा. जेवणात २० ग्रॅम तेल असेल तर सहा ग्रॅम वाचलं. म्हणजे ५४ कॅलरी, अर्धी-पाऊण चपाती. त्यासाठी महिन्याला हजारोंचा खर्च. चार वर्षांच्या एका मोठ्या अभ्यासात गोळीवाल्यांचं ५.८ किलो उतरलं, नुसतं खाणं-चालणं सांभाळणाऱ्यांचं ३ किलो. आणि ती चरबी बाहेर कुठून जाते ते मी सांगायला नको. परळच्या एका ऑफिसातला माणूस गोळी सुरू असताना पार्टीत बटर चिकन खाऊन आला आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन फक्त एवढंच म्हणाला, "पॅंट पांढरी होती." जास्त दिवस घेतली तर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही चरबीबरोबर निघून जातात, त्यांची गोळी वेगळी.

तिसरं, कुणीतरी तुम्हाला गार्सिनिया देईलच म्हणून आधीच सांगतो. हे आपल्या कोकमाचं भावंड. केरळात माशाच्या कालवणात घालतात. त्यातल्या आंबट अर्काच्या कॅप्सूल विकतात. १९९८ मध्ये १३५ जणांवर बारा आठवडे तपासलं होतं, खोट्या गोळीपेक्षा काडीचा फरक पडला नाही. पुढे काहींच्या लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदीही आल्या. तुम्ही राजापूरच्या, तुम्हाला सोलकढी कुणी शिकवायची? ती प्या, कॅप्सूल नको.

इंजेक्शनबद्दल वापरणाऱ्यांनीच बोलावं. दुकानदार म्हणून एवढंच सांगतो की सेमाग्लुटाइड, म्हणजे आठवड्याच्या इंजेक्शनातलं एक औषध, त्याचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचंच, त्यानंतर आपल्या कंपन्यांनाही ते बनवता येतं. हे लक्षात ठेवा.

चेंबूर ४०४

माझी पाळी वाटतं. वय ३९, आयटीत, बसून काम. एप्रिलमध्ये १०४ किलो होतो. टिर्झेपटाइड, हे तशाच प्रकारचं दुसरं आठवड्याचं इंजेक्शन, मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, मी पुढच्याच महिन्यात सुरू केलं, अर्थात एंडोक्रायनोलॉजिस्टच्या (हार्मोनच्या डॉक्टरांच्या) सल्ल्याने, आधी रक्त-लघवी-सोनोग्राफी सगळं करून.

खर्च: तेव्हा २.५ मिलिग्रॅमची कुपी ३,५०० ला आणि ५ ची ४,३७५ ला. आठवड्याला एक. महिन्याला चार गुणिले, तुम्हीच करा. बायकोने फ्रिजच्या दारात लिंबाच्या लोणच्याशेजारी जागा दिली, आणि सासूबाई आल्या की ती कुपी रुमालात गुंडाळली जायची.

काय होतं? पहिल्या आठवड्यात काहीच नाही. दुसऱ्या आठवड्यात ऑफिसखालच्या वडापावच्या गाडीवरून गेलो आणि स्टेशनला पोचल्यावर लक्षात आलं की आज आपण थांबलो नाही. मनाला आवरलं वगैरे काही नाही. मुळात तिकडे मनच गेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. डोक्यात सतत चालणारा 'आता काय खाऊ' हा रेडिओ कुणीतरी बंद केला होता. यासाठी मी चाळीस वर्षं स्वतःला आळशी समजत आलो, त्याचा त्या दिवशी रागही आला.

त्रास: डोस वाढला की दोन-तीन दिवस मळमळ. बद्धकोष्ठ तर कायमचं, इसबगोल आणि पाणी. एकदा हट्टाने बिर्याणी संपवली, रात्रभर उलट्या. केस गळले. आणि डॉक्टरांनी बजावलं तसं झालंच, नुसती चरबी जात नाही, स्नायूही जातात. म्हणून आता भूक नसली तरी ताटात आधी अंडी, मूग, मासे, आणि आठवड्यातून तीनदा वजनं उचलतो.

जुलै अखेर ९३. ऑगस्टमध्ये नोकरी गेली, इंजेक्शन थांबलं. काकू, तुम्ही विचारलंत ना थांबवल्यावर काय, तर तिसऱ्या आठवड्यात तो रेडिओ पुन्हा सुरू झाला, आणि आधीपेक्षा मोठ्याने. नऊ आठवड्यांत साडेतीन किलो परत. आता नवी नोकरी लागलीय, डॉक्टरांनी परत अडीचपासून सुरू केलंय.

तुमचं ते अर्धा डबा परत करणारं गिऱ्हाईक मी नव्हे, पण माझ्या पोळीभाजीवाल्या मावशीही अशाच रुसल्या होत्या.

भांडुपकर काकू

@गोळीवाला दादा, 'पॅंट पांढरी होती' वाचून माझा नवरा खुर्चीतून पडायचा राहिला. गल्लीतल्या गोळीचा विषय बंद.

@चेंबूर ४०४, रेडिओचं वाचून मी जरा वेळ काहीच लिहिलं नाही. माझ्याकडे तो रेडिओ आहेच, आणि वर अख्खा दिवस मी अन्नातच उभी. भाजी शिजली की चमचा तोंडात, चपाती फुगली की एक तुकडा, डबे भरून उरलेलं वाया जाऊ नये म्हणून ते. जेवायला बसायच्या आधीच माझं एक जेवण उभ्याने झालेलं असतं. ते कुठल्याच डाएटच्या तक्त्यात मी कधी लिहिलेलं नाही.

स्टेथोस्कोप

मी फिजिशियन आहे, महापालिकेच्या एका रुग्णालयात. इथे कुणाला औषध लिहून देता येत नाही, पण चित्र स्पष्ट करतो.

डाएटची तुलना खूप झाली आहे. २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या अभ्यासात ६०९ जणांपैकी निम्म्यांना कमी चरबीचं आणि निम्म्यांना कमी कार्बचं, म्हणजे चपाती-भात-साखर कमी असलेलं, जेवण वर्षभर पाळायला सांगितलं. एकांचं सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्यांचं ६. फरक नगण्य. पण दोन्ही गटांत कुणाचं वीस-पंचवीस किलो उतरलं, तर कुणाचं उलट वाढलं. ठरावीक तासांतच खाण्याचंही तसंच. २०२२ मध्ये चीनमधल्या ग्वांगझूचा १३९ जणांचा अभ्यास आला. कॅलरी दोन्ही गटांनी सारख्याच कमी केल्या होत्या, एकाने शिवाय आठ तासांची चौकट पाळली. वर्षाअखेर चौकटीचा वेगळा फायदा दिसला नाही. दोनवेळजेवा यांना फायदा झाला तो खरा आहे, श्रीखंड सुटलं तेव्हा झाला हे त्यांनीच लिहिलंय.

जीएमचे साडेतीन किलो किंवा कीटोचा पहिला आठवडा, यात बरंचसं पाणी असतं. शरीर साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि त्याच्या एका ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साठा संपला की पाणी जातं, भात खाल्ला की परत येतं. काकूंची शिवण त्यामुळे उसवली.

इंजेक्शनचे आकडे वेगळ्या पातळीवरचे आहेत. सेमाग्लुटाइड २.४ मिलिग्रॅम, ६८ आठवडे, सरासरी १४.९ टक्के घट. औषध नसलेलं खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांत २.४ टक्के. पण त्याच लोकांचं औषध थांबवल्यावर वर्षभर पाहिलं, तर उतरलेल्यातलं दोन तृतीयांश वजन परत आलं होतं. चेंबूरकरांच्या बाबतीत वावगं काही घडलेलं नाही. प्रेशरची गोळी सोडली की प्रेशर चढतं, तसंच हे. तेव्हा 'लग्नापर्यंत घेते' अशा विचाराने सुरू करू नका.

सेमाग्लुटाइडची रोजची गोळी आपल्याकडे टाइप २ डायबेटिससाठी आहे, तिने वजन इंजेक्शनइतकं उतरत नाही, सरासरी तीन-चार किलो. शिवाय ती रिकाम्या पोटी अर्धा कप पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. काकू साडेचारला उठून पाचला मीठ बघतात, त्यांनी याचा विचार करावा.

काकूंचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३३.७ येतो. भारतीयांसाठी २५ च्या वर लठ्ठपणा धरतो आणि बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी. म्हणजे त्यांच्या डॉक्टरांनी विषय काढला तो योग्यच. पण काही प्रश्न राहिलेत. पित्ताशयात खडे आहेत का? स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का? घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कॅन्सर झालाय का? वजन भराभर उतरलं की खडे होतात किंवा असलेले त्रास देतात, हे डाएटलाही लागू आहे. आणि एक घरगुती प्रश्न: तेलाचा डबा किती दिवस पुरतो? दिवसाला पाच-सहा चहाचे चमचे तेल पुष्कळ झालं. साखर दारात उभी असताना वजनाच्या पाच ते सात टक्के जरी उतरलं तरी डायबेटिस लांबतो. तुमच्या बाबतीत म्हणजे चार ते साडेपाच किलो.

भांडुपकर काकू

डॉक्टर, तुम्ही विचारलंत आणि मला धस्स झालं. २०२२ मध्ये पोटात दुखलं होतं तेव्हा सोनोग्राफीत पित्ताशयात एक खडा निघाला होता. त्रास देत नाही तर राहू दे म्हणाले, मी विसरूनही गेले. आमच्या डॉक्टरांना हे सांगितलेलंच नाही, फाईल सासूबाईंच्या पेटीत. काल काढली. बुधवारी नवीन सोनोग्राफी आहे, तोवर इंजेक्शन नाही.

आता तेल. हा हिशोब मी धंद्यासाठी रोज करते, अंगासाठी कधी केला नव्हता. पंधरा किलोचा डबा मला दहा दिवस जातो. म्हणजे रोज दीड किलो. ३८ डबे, अधिक घरातली चार माणसं दोन वेळ, अशी ४६ ताटं. एका ताटाला साडेबत्तीस ग्रॅम! मी दोनदा जेवते, म्हणजे ६५. तुम्ही पूर्ण दिवसाला सांगितलंत त्याच्या दुप्पट, आणि उभ्याने खाल्लेलं त्यात धरलेलंच नाही. कॅल्क्युलेटर तीनदा मारला. नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, "म्हणून गिऱ्हाईक टिकतं." त्याचंही खोटं नाही.

सोमवारपासून दीडऐवजी पाऊण किलो काढून ठेवतेय आणि डबा कपाटात. पहिल्या दिवशी घोळ झाला. मोठ्या कढईत तेल नुसतं पसरतं, मोहरी तडतडायच्या आधी जळते. अख्खी फरसबी कडू, पुन्हा केली, डबे पंधरा मिनिटं उशिरा. दुसऱ्या दिवसापासून कढईत भाजी झाकणावर पाणी ठेवून वाफवते आणि फोडणी वेगळी, कढल्यात, कढलं तिरकं धरून. वरून ओतली की खमंगपणा वरच राहतो. तीन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. काल मुलुंडच्या एका आजोबांची चिठ्ठी आली डब्यात: "भाजी चांगली, पण तर्री कुठे गेली?"

त्यांना वेगळी वाटी देणार आहे.

आणि उभ्याने खाण्यासाठी एक केलंय. ओट्यावर एक स्टीलचं भांडं ठेवलंय. जे तोंडात टाकणार होते ते त्यात टाकते. परवा संध्याकाळी बघितलं तर दोन चपात्या, अर्धी वाटी बटाटा, उसळ, आणि शेंगदाण्याच्या चटणीचा एक गोळा. मुलगी हल्ली पुण्याला असते, तिला फोटो पाठवला. तिचा उलट मेसेज आला: "आणि मीठ कोण बघतंय?"